आसनावरून उठल्यावर

(भिलाई येथे आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाने मला विषय दिला आहे, 'अध्यात्म आणि आधुनिक जीवन'. विषय एवढा मोठा आहे की त्यात कोणालाही काहीही बोलता येतं, आणि ऐकणाऱ्याला घरी पोहोचेपर्यंत त्यातलं काही आठवत नाही. शिवाय मी ना कीर्तनकार, ना प्रवचनकार. माझी सारी नोकरी इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये गेली. तापमान, दाब आणि प्रवाह मोजणं हे माझं काम. तेव्हा आत्मा-परमात्मा यावर मी बोलू लागलो तर तो आगाऊपणा होईल. मी विषय जरा लहान करून घेतो. गेली काही वर्षं मी रोज सकाळी तासभर डोळे मिटून बसतो, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. त्यावर मला एक प्रश्न नेहमी विचारला जातो. कोणी थट्टेने विचारतं, कोणी मनापासून. प्रश्न असा, की "तुम्ही डोळे मिटून बसता, त्याने बाहेर काय बदलतं?"

प्रश्न रोकडा आहे आणि मला तो आवडतो. मोजमापाचं काम केलेल्या माणसाने असल्या प्रश्नाला भिऊ नये. आज मी या एकाच प्रश्नावर, यथामती, बोलणार आहे.

सुरुवात एका गावापासून करू. गावाचं नाव मंडाले. आपण सारे ते शाळेत शिकलो आहोत. लोकमान्यांना १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना ब्रह्मदेशातल्या मंडालेच्या तुरुंगात ठेवलं गेलं. तिथे १९१०-११ च्या हिवाळ्यात, अवघ्या चार-पाच महिन्यांत, त्यांनी शिसपेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहून काढलं. ते १९१५ साली छापून आलं. मधल्या काळात, १९१२ मध्ये, त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई इकडे वारल्या. ती बातमी त्यांनी तुरुंगातच ऐकली. एकांत, मौन, वियोग, चिंतन, सगळं त्यांच्या वाट्याला आलं. अशा वेळी माणूस संन्यासाकडे झुकला असता तरी कोणी नावं ठेवली नसती. पण टिळकांनी त्या एकांतात काय ठरवलं? त्यांनी ठरवलं, की गीता माणसाला संसार सोडायला सांगत नाही. ज्ञान झाल्यानंतरसुद्धा, स्वतःला काही मिळवायचं उरलेलं नसतानासुद्धा, लोकसंग्रहासाठी काम करत राहा, असं ती सांगते. ग्रंथाचं पूर्ण नावच 'श्रीमद्भगवद्गीतारहस्य अथवा कर्मयोगशास्त्र' असं आहे.

लक्षात घ्या, हा माणूस तोच, ज्याने १८९३ साली गणपती सार्वजनिक केला. ज्या मंडपात आपण आत्ता बसलो आहोत त्या प्रथेचा उगम तिथे आहे. त्या सुरुवातीवर त्या वर्षीच्या दंगलींची सावलीही होती, हे इतिहास वाचणाऱ्याला ठाऊक आहे. लोक एकत्र आले म्हणजे आपोआप चांगलंच घडतं असं नाही. एकत्र येण्याची ताकद कोणत्या दिशेला न्यायची, ते प्रत्येक पिढीला नव्याने ठरवावं लागतं. हा मुद्दा मनात ठेवा, आपण त्याकडे पुन्हा येऊ.

टिळक मंडालेहून परतल्यावर दहा वर्षांनी, १९२४ साली, त्याच मंडालेत एका मारवाडी व्यापारी घरात एक मुलगा जन्मला. त्याचं नाव सत्यनारायण गोएंका. मोठेपणी कारखानदार झाले, पैसा आला, प्रतिष्ठा आली आणि त्याबरोबर भयंकर अर्धशिशी आली. देशोदेशीचे डॉक्टर झाले, गुण येईना. शेवटी १९५५ मध्ये ते रंगूनला एका गृहस्थाकडे ध्यान शिकायला गेले. त्या गृहस्थांनी आधी नकारच दिला. म्हणाले, डोकेदुखीवर औषध म्हणून येणार असाल तर येऊ नका, मन स्वच्छ करायचं असेल तर या.

हे गृहस्थ कोण? कोणी भगवी किंवा पिवळी वस्त्रं घातलेले साधू नव्हेत. ते होते सयाजी ऊ बा खिन, ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल! ब्रह्मदेश ४ जानेवारी १९४८ ला स्वतंत्र झाला आणि त्या दिवसापासून देशाच्या हिशेबाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्याच कार्यालयात ते १९१७ साली कारकून म्हणून लागले होते. ध्यान त्यांनी १९३७ मध्ये एका शेतकऱ्याकडून शिकून घेतलं. मोठ्या पदावर गेल्यावर त्यांनी ऑफिसातच ध्यानासाठी एक खोली ठेवली आणि १९५० मध्ये कर्मचाऱ्यांची विपश्यना मंडळी सुरू केली. लाच न खाणारा, फाइल न अडवणारा, एका वेळी अनेक खात्यांचा कारभार ओढणारा अधिकारी अशी त्यांची कीर्ती होती.

मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. ध्यान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिमालयातली गुहा येते. इथे सरकारी कार्यालय आहे, टेबलं आहेत, फाइली आहेत, ऑडिटच्या हरकती आहेत. आपल्यातल्या किती जणांनी लेखा विभागात आयुष्य काढलं! त्यांना सांगतो, आज जगभर पसरलेल्या या साधनेच्या परंपरेतला एक महत्त्वाचा दुवा तुमच्या जातकुळीचा आहे.

ऊ बा खिन यांना स्वतःला भारतात येता आलं नाही. गोएंका १९६९ मध्ये आले. जुलै १९६९ मध्ये मुंबईच्या एका धर्मशाळेत पहिलं शिबिर झालं, बसणारे चौदा जण, त्यांत त्यांचे आई-वडीलही होते. १९७६ पासून इगतपुरीला शिबिरं होऊ लागली. २०१३ मध्ये गोएंका गेले. तोवर ही साधना कितीतरी देशांत पोहोचली होती.

मी इगतपुरीला गेलो तो निवृत्तीनंतर. पहाटे चारला घंटा, साडेचारला पहिली बैठक. दिवसभरात दहाएक तास बसायचं. अकराला जेवण, संध्याकाळी पाचला नवशिक्यांना चहा आणि थोडं फळ, की झालं. मोबाईल जमा, पुस्तक-वही जमा, बोलणं बंद, खाणाखुणा बंद. फी नाही. शिबिर पूर्ण केलेल्यालाच इच्छा असेल तर पुढच्यांसाठी दान देता येतं. पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत शरीरावर काय जाणवतं ते बघायचं, आणि जे जाणवेल त्याला 'हवं' किंवा 'नको' म्हणायचं नाही.

खरं सांगू? पहिल्या दोन दिवसांत माझ्या मनात देव आला नाही, आत्मा आला नाही. प्रॉव्हिडंट फंडाचा आकडा आला. गॅसचा सिलिंडर बंद केला होता का, ते आलं. आणि आपल्या मंडळाच्या फार जुन्या एका वार्षिक सभेत एका गृहस्थांनी मला उद्देशून काढलेलं एक वाक्य आलं. मी ते विसरलो आहे असा माझा समज होता. ते शब्द न् शब्द हजर! आणि गंमत म्हणजे ते आठवताच कपाळ तापलं, श्वास आखूड झाला, हाताच्या मुठी वळल्या. ते गृहस्थ नागपूरला, मी इगतपुरीला, आणि मध्ये इतकी वर्षं. तरी शरीर त्या सभेतच बसलेलं!

तेव्हा मला माझं खातं आठवलं. भट्टीच्या भिंतीत थर्मोकपल बसवलेला असतो. आत ताप वाढला की त्यातून येणारे मिलिव्होल्ट वाढतात. पूर्वी कंट्रोल रूममध्ये चार्ट रेकॉर्डरचं शाईचं पेन वर सरकायचं, आता पडद्यावर आकडा बदलतो. नवीन पोरगा आला की आम्ही त्याला पहिली गोष्ट शिकवायचो, "काटा वर गेला म्हणून लगेच धावू नकोस. आधी बघ. काटा खरं बोलतोय का? शेजारचा थर्मोकपल काय म्हणतोय? वाढ किती वेळ टिकतेय?" काट्यावर चिडून उपयोग नसतो, आणि घाबरून भलताच व्हॉल्व्ह फिरवला तर भट्टीचं जे व्हायचं ते होतं.

ध्यानात मी हेच शिकलो. राग आला की आधी शरीरात त्याचं रीडिंग येतं. ते बघायला येऊ लागलं की राग जातो असं नाही, पण हाताची घाई जाते. दोन श्वासांची उसंत मिळते. माझ्यापुरता ध्यानाचा हिशेब एवढाच. कुणाला दिव्य प्रकाश दिसत असेल, मला दिसलेला नाही.

पण इन्स्ट्रुमेंटेशनच्या पोरांना आम्ही दुसरी गोष्टही शिकवायचो, आणि ती पहिलीइतकीच महत्त्वाची. "आकडा खरा आहे अशी खात्री झाली आणि तरीही तू नुसता बघत बसलास, तर तुला पगार कशाचा? ऑपरेटरला फोन कर!" मोजायचं कशासाठी? योग्य वेळी योग्य ते करण्यासाठी. फक्त मोजणारा आणि कधीच काही न करणारा माणूस भट्टीच्या काय कामाचा?

इथे आपला मूळ प्रश्न येतो. डोळे मिटून बसल्याने बाहेर काय बदलतं?

एक उदाहरण देतो. १९७५ मध्ये जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात विपश्यनेचं शिबिर झालं. राजस्थानचे तेव्हाचे गृहसचिव राम सिंग यांनी त्यासाठी पुढाकार घेतला. गंभीर गुन्ह्यांतले कैदी बेड्यांसह बसायला आणले गेले. गोएंका म्हणाले, बेड्यांत अडकलेल्या माणसांना मी शिकवणार नाही. त्या बेड्या काढल्या गेल्या. पुढे १९९३ मध्ये तिहारच्या प्रमुख म्हणून किरण बेदी आल्या आणि एप्रिल १९९४ मध्ये तिथे हजाराहून अधिक कैद्यांचं एकत्र शिबिर झालं. यावर १९९७ साली एक माहितीपटही निघाला आणि पुष्कळ गाजला.

ही गोष्ट सांगताना सगळे ध्यानाचं कौतुक करतात, ते योग्यच आहे. मला मात्र तिच्यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. तुरुंगाचं दार ध्यानाने उघडलं नाही. ते कुणाच्या तरी सहीने उघडलं. एका अधिकाऱ्याने जोखीम पत्करली, फाइल वर पाठवली, उद्या काही विपरीत घडलं तर जबाब द्यायची तयारी ठेवली. आणि तिहारमध्ये फक्त ध्यान नव्हतं. कैद्यांच्या तक्रारी थेट वरिष्ठांपर्यंत जाव्यात म्हणून फिरती तक्रारपेटी होती, साक्षरतेचे वर्ग होते. आतलं आणि बाहेरचं अशी दोन्ही कामं बरोबर चालली म्हणून त्यातून काही उभं राहिलं. तक्रारपेटी न ठेवता नुसतं "शांत व्हा" म्हटलं असतं, तर ती कैद्यांची थट्टा झाली असती.

आता जरा कडू भाग. तो टाळून पुढे जाणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही.

ज्या ब्रह्मदेशाने ही साधना जपली, तिथे गावोगावी विहार आहेत. लहान मुलगासुद्धा काही दिवस भिक्षू होऊन येतो. त्या देशाचं पुढे काय झालं? १९६२ मध्ये लष्कराने सत्ता घेतली. १९८८ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले, त्यांच्यावर गोळ्या चालल्या. २००७ मध्ये हजारो भिक्षू मैत्रीचं सूत्र म्हणत, अनवाणी, शांतपणे रस्त्यावरून चालले, तेही चिरडलं गेलं. तोवर आपण म्हणू, वाईट सेनापती आणि चांगले भिक्षू. पण पुढे २०१२ नंतर भिक्षूंमधूनच असे आवाज उठले, की जे मुसलमान शेजाऱ्यांविरुद्ध लोकांना भडकवत होते. त्यांतला एक प्रसिद्ध आवाज याच मंडालेच्या मठातला होता. २०१७ मध्ये सात लाखांहून अधिक रोहिंग्या जीव मुठीत धरून बांगलादेशात पळाले. आणि ज्यांनी वर्षानुवर्षं नजरकैदेत ध्यानाच्या आधाराने दिवस काढले, त्या आंग सान सू ची डिसेंबर २०१९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात आपल्या सरकारची बाजू मांडायला उभ्या राहिल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याच लष्कराने त्यांनाही सत्तेवरून दूर करून कैदेत टाकलं.

बंधू-भगिनींनो, यातून मी कुणाच्या धर्माला नावं ठेवत नाही. असली उदाहरणं प्रत्येक धर्मात सापडतील, आपल्याही. मला एवढंच म्हणायचं आहे, की ध्यान केल्याने माणूस आपोआप न्यायी होत नाही. श्वास शांत होऊ शकतो आणि शेजाऱ्याबद्दलचा द्वेष तसाच राहू शकतो. किंबहुना शांत श्वासाने केलेला द्वेष अधिक चिवट असतो, कारण त्या माणसाला वाटतं, मी तर रागावलेलोच नाही, मी सत्यच सांगतो आहे!

मग कसोटी काय?

आपल्या वैदर्भीय मंडळींत दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर जाणारे पुष्कळ आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डिसेंबर १९५४ मध्ये रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला हजेरी लावली होती आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा घेतली. त्यांच्या निधनानंतर, १९५७ मध्ये, 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी एक थेट प्रश्न विचारला आहे. बुद्धाने भिक्षू कशासाठी निर्माण केला? स्वतःपुरता परिपूर्ण माणूस घडवण्यासाठी, की लोकांची सेवा करणारा माणूस घडवण्यासाठी? बाबासाहेबांचा कौल स्पष्ट होता. नुसत्या परिपूर्ण माणसाचा समाजाला उपयोग नाही, सेवा करणाऱ्याकडून आशा आहे.

टिळक आणि आंबेडकर. दोघांचे मार्ग वेगळे, समाज वेगळे, कितीतरी बाबतींत विचार परस्परांविरुद्ध. एकाने गीतेचा आधार घेतला, दुसऱ्याने गीतेवर कठोर टीका केली. पण एकांतात बसलेल्या माणसाला दोघेही एकच प्रश्न विचारतात. बसून झालं? आता उठल्यावर काय करणार? आणि आपल्या ज्ञानोबांनी पसायदान मागितलं तेव्हाही दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांच्यातलं वाकडेपण जावं असं मागितलं, आणि तेही साऱ्या विश्वासाठी. एवढी मोठी साधना करून माउलींनी स्वतःकरिता काय मागून घेतलं? तेव्हा माझ्या मते ध्यानाची परीक्षा आसनावर होतच नाही. ती आसनावरून उठल्यावर होते, घरात, ऑफिसात, मंडपात.

हल्ली ही परीक्षाच चुकवायची सोय झाली आहे. ध्यान आता मोबाईलमध्ये मिळतं. कंपन्या कर्मचाऱ्यांना ध्यानाचे वर्ग देतात. माझा त्याला विरोध नाही, कुणाला रात्री झोप लागत असेल तर चांगलंच आहे. पण बारा-बारा तास काम करून घ्यायचं आणि वर शांत कसं राहायचं ते शिकवायचं, याचा अर्थ काय? तिथे ज्याचं तापमान वाढलंय ती भट्टी तशीच ठेवून आपण काट्याला थंड पाण्यात बुडवतो आहोत. माणसाला सहनशील करायचं आणि कारण मात्र तपासायचं नाही, याला अध्यात्म म्हणू नये. आणि जाता जाता एक सावधगिरी. कुणाच्या मनाचं दुखणं गंभीर असेल, औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. केंद्रवालेही तेच सांगतात. दहा दिवसांचं मौन म्हणजे काही सहल नाही.

आता आपल्या घरात येतो. भिलाईला लोक कौतुकाने 'मिनी इंडिया' म्हणतात. १९५५ मध्ये रशियाशी करार झाला, १९५९ मध्ये पहिली भट्टी पेटली आणि देशभरातून माणसं इथे आली. आपले आई-वडील नागपूर, भंडारा, अमरावतीकडून ट्रंक आणि वळकटी घेऊन आले. शेजारी केरळचा, समोर पंजाबचा, मागे बंगालचा. पाण्याच्या टाकीवरून भांडलो असू, पण डब्यातली भाजी एकमेकांच्या घरी गेली. आपल्या मंडळात डावे होते, उजवे होते, युनियनचे होते, मॅनेजमेंटचे होते. संपाच्या काळात समोरासमोर उभी राहिलेली माणसं संध्याकाळी एकाच आरतीत टाळ्या वाजवत होती.

आणि आज? मी नावं घेणार नाही, सर्वांना ठाऊक आहे. २०२४ च्या निवडणुकीच्या वेळी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन जुन्या मित्रांची जुंपली. एकाने काहीतरी पुढे पाठवलं, दुसऱ्याने रात्री साडेअकराला उत्तर दिलं, पहाटेपर्यंत दोघांच्या बाजूने आणखी दहा जण उतरले. तीस वर्षांची मैत्री! एकाच्या मुलीच्या लग्नात दुसऱ्याने वाढप्यांवर देखरेख केलेली. त्यांतल्या एकाने ग्रुप सोडला. गेल्या वर्षी ते एकाही आरतीला आले नाहीत. मूर्ती आणताना ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसायचा मान ज्यांचा ठरलेला होता, ती जागा गेल्या वर्षी रिकामी राहिली. यंदाही राहिली.

त्यानंतर ग्रुपवर नियम आला, 'राजकीय पोस्ट बंद'. कार्यकारिणीचा हेतू चांगला होता, वणवा विझवायलाच हवा होता. पण राजकारण म्हणजे फक्त पक्ष का? निवृत्तांच्या क्वार्टरचा प्रश्न राजकारण आहे. पाणी, शाळा, दवाखाना, कंत्राटी कामगाराची मजुरी, हे सारं राजकारण आहे. टिळकांच्या उत्सवात बसून 'राजकारण नको' म्हणणं मला पटत नाही. गरज आहे ती भांडायची नीट रीत शिकण्याची.

माझ्याच घरातलं सांगतो. माझा मुलगा पुण्याला असतो. त्याचं आणि माझं राजकीय मत टोकाचं वेगळं आहे. हळूहळू आमचे फोन पाऊस, औषधं आणि नातीचा अभ्यास एवढ्यावर आले होते. दोघेही सांभाळून बोलत होतो, आणि सांभाळून बोलणं हा दुरावाच असतो. एका रविवारी मी त्याला विचारलं, "तुला असं का वाटतं, ते मला सगळं सांग. मी मध्ये बोलणार नाही." तो चाळीस मिनिटं बोलला. त्या चाळीस मिनिटांत माझा काटा तीन-चारदा वर गेला, कपाळ तापलं, ते मी बघत राहिलो. त्याचं मत बदललं नाही, माझंही नाही. पण त्याच्या मतामागे त्याच्या नोकरीतली कोणती भीती आहे, ते मला पहिल्यांदा कळलं. पुढच्या रविवारी फोन त्याने स्वतःहून केला. ध्यानाने बाहेर काय बदलतं, असं विचाराल तर माझ्याजवळ दाखवायला हा एक फोन आहे.

मंडळापुढे मी तीन गोष्टी ठेवतो. पटल्या तर घ्या.

पहिली, संध्याकाळच्या आरतीआधी पाच मिनिटं लाउडस्पीकर बंद. प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने शांत बसायचं. नाम घ्या, श्वास बघा, नाहीतर नुसते मूर्तीकडे बघा. आपल्या बंगाली आणि तेलुगू शेजाऱ्यांना त्यासाठी मराठी यायची गरज नाही.

दुसरी, ग्रुपवर राग आणणारं काही आलं तर उत्तर रात्री लिहा, पण पाठवू नका. सकाळी चहा घेतल्यावर वाचा आणि मग ठरवा. ज्यांना आसनावर बसायला जमत नाही त्यांचं हेच ध्यान.

तिसरी, उत्सवातली एक संध्याकाळ चर्चेला द्या. विषय आपल्या टाउनशिपचा घ्या, दोन्ही बाजू बोलू द्या. अट एकच. समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या शब्दांत असं मांडायचं, की तो म्हणेल, "हो, मला हेच म्हणायचं होतं." त्यानंतरच आपलं उत्तर. करून बघा, फार अवघड आहे! दहा तास मांडी घालून बसण्यापेक्षा अवघड आहे.

आणि एक काम चर्चेचं नाही, करायचं आहे. परवा विसर्जन आहे. ट्रकमधली ती पुढची जागा अजून रिकामी आहे. त्यांना ग्रुपवर निमंत्रण पाठवून भागणार नाही, ते ग्रुपवर नाहीतच. फोन केला तर ते तब्येतीचं कारण सांगतील. त्यांच्या दाराशी माणसांनीच जायला हवं. माफी मागायला किंवा मागवायला नव्हे, बाप्पाच्या मूर्तीशेजारी त्यांची जागा आहे एवढं सांगायला. उद्या सकाळी आठ वाजता मी त्यांच्याकडे जाणार आहे. ज्यांच्याशी त्यांचं वाजलं ते आपले दुसरे मित्रही आत्ता इथे बसले आहेत. मी त्यांच्याकडे मुद्दाम बघत नाही. पण मी कोपऱ्यावरच्या चहावाल्याजवळ पावणेआठपासून उभा असेन.

 

गणपती बाप्पा मोरया!